पोटरी फडफडते, रिपोर्ट नॉर्मल, तरी डोकं ऐकत नाही

आठ_बेचाळीस (रात्री २:४०)
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा, चूकभूल द्यावी घ्यावी. वय ३४, राहायला डोंबिवली, नोकरी अंधेरीला अकाउंट्समध्ये. मार्च एंडच्या गडबडीत एका रात्री डावी पोटरी फडफडायला लागली. कातडीखाली किडा वळवळावा तसं, नुसतं जाणवत नाही, दिसतंसुद्धा. दोन दिवस थांबेना म्हणून पहाटे अंथरुणातच मोबाईलवर शोधलं. तिसऱ्याच ओळीत एएलएस, म्हणजे मोटर न्यूरॉन डिसीज, हळूहळू स्नायू निकामी करणारा, स्टीफन हॉकिंगना होता तो. तेव्हापासून पोटरी, मग मांडी, मग अंगठा, मग पापणी, जिथे लक्ष जाईल तिथे उडतंय.

साडेतीन महिने झाले. न्यूरोलॉजिस्ट दोन झाले, एनसीव्ही आणि ईएमजी (नसांची आणि स्नायूंची तपासणी) झाली, मेंदूचा आणि मानेचा एमआरआय झाला, बी१२, थायरॉइड, कॅल्शियम सगळं नॉर्मल. दुसऱ्या डॉक्टरांनी हातोडीने गुडघे ठोकले, तळव्यावरून किल्ली ओढली, टाचांवर चालायला लावलं आणि म्हणाले तुला काही झालेलं नाही, घरी जाऊन झोप. रिक्षात बसेपर्यंत मस्त वाटलं. रिक्षा सिग्नलला थांबली आणि वाटलं, उजवा पाय त्यांनी नीट बघितलाच नाही.

आता रोजचं असं चाललंय की दादरला पूल उतरलो की टाचांवर दहा पावलं, मग चवड्यांवर दहा पावलं, गर्दीत कुणाला कळत नाही असं मला वाटतं. ऑफिसच्या वॉशरूममध्ये मोबाईलचा टॉर्च लावून आरशात जीभ बघायची. रात्री बायकोच्या शिलाई मशीनची टेप घेऊन पोटऱ्या मोजायच्या. डावी ३६, उजवी साडेछत्तीस. त्या अर्ध्या सेंटिमीटरने माझी अख्खी रात्र खाल्ली आहे.

प्रश्न एवढाच की जे यातून गेलेत ते बाहेर कसे आले? लक्षणं सांगू नका प्लीज, ती मला पाठ आहेत.

खारी_बटर
पापणी डावी की उजवी ते लिहिलं नाहीत. पुरुषाची उजवी लवली तर शुभ असतं म्हणे, एमआरआयचे पैसे तरी वसूल होतील. कृहघ्या (कृपया हलके घ्या).

तात्या_परळ
भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो हाच. आमच्या काळी पोटरी उडायची तेव्हा आजी म्हणायची कुणीतरी आठवण काढतंय, विषय संपला. मोबाईल बाहेरच्या खोलीत ठेवून झोप आणि सकाळी अर्धा तास चाल. साध्या पायांनी, टाचांवर नको.

निसर्गोपचारी
हा वात आहे. तिळाचं तेल कोमट करून रात्री पोटऱ्यांना चोळा आणि पंधरा दिवस चहा बंद. अनुभव घ्या मग बोला.

खारी_बटर
चहा बंद?? डोंबिवलीहून अंधेरीला रोज जाऊन येणाऱ्या माणसाला? मग एएलएसची गरजच काय.

सुईदोरा
चहाचं मात्र अगदीच चूक नाही. मी एका हॉस्पिटलमध्ये ईएमजी टेक्निशियन आहे (नाव सांगत नाही, विचारू नका). कॅफिन, अपुरी झोप, जास्त व्यायाम आणि टेन्शन, या चारांनी स्नायू उडतात. निरोगी माणसांतही उडतात, बहुतेकांचं लक्ष जात नाही एवढंच. माझी स्वतःची पापणी नाईट ड्यूटीनंतर दोन-दोन दिवस लवते.

धागाकर्त्यांसारखे लोक आमच्याकडे आठवड्याला एक तरी येतात. वय तिशी-पस्तीस, हातात फाईल, फाईलला रंगीत फ्लॅग लावलेले, आणि मी सुई टोचायच्या आधीच मला सांगतात की कुठल्या स्नायूत टोचा. गंमत म्हणजे मशीनचा आवाज त्यांना माहीत असतो. बिघडलेल्या स्नायूत सुई घातली की स्पीकरवर पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज येतो असं पुस्तकात असतं, ते वाचून आलेले असतात, आणि मी नुसती सुई हलवली तरी "मॅडम हा पाऊस का?" म्हणून विचारतात. अहो, सुई हलवल्यावर आवाज येणारच.

तुम्ही आरशात जीभ बघता ना, ती बाहेर काढली की सगळ्यांचीच थरथरते. डॉक्टर ती तोंडात आरामात पडलेली असताना बघतात. एवढं सांगते आणि थांबते, कारण उद्यापासून तुम्ही तोंडात टॉर्च घालून बघाल.

आठ_बेचाळीस (रात्री १:१५)
@सुईदोरा, आत्ताच बघितली. स्वारी.

आकडेमोडे
जरा आकड्यात बोलू. युरोप-अमेरिकेतले आकडे बघितले तर हा आजार वर्षाला लाखात साधारण दोघांना नव्याने होतो, आणि त्यातले बरेचसे पन्नाशीच्या पुढचे. आपल्या भाषेत, बारा डब्यांच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी साडेचार-पाच हजार माणसं धरली तर वीस खचाखच गाड्यांत मिळून दोघं. दुसरं म्हणजे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९९३ मध्ये एक पेपर छापला होता. नुसते स्नायू उडतात, बाकी तपासणी नॉर्मल, अशा १२१ जणांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. त्यातल्या एकालाही पुढे मोटर न्यूरॉन झाला नाही. शून्य. आता झोपा.

आठ_बेचाळीस
तो पेपर वाचलाय सर. तीनदा. प्रॉब्लेम असा होतो की मला वाटतं मी १२२ वा. आणि वीस लोकलमधल्या त्या दोघांपैकी मी खिडकीशी बसलेला.

खारी_बटर
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). आठ बेचाळीसच्या फास्टला खिडकी मिळाली म्हणजे तुमचं नशीब तसंही चांगलं आहे.

गिरगावकरीण
लिहू की नको असा विचार दोन दिवस करत होते. माझ्या वडिलांना एएलएस होता. २०११ ला निदान झालं, २०१४ ला गेले. म्हणून वरची काही वाक्यं वाचताना थोडं लागलं, पण राग नाही.

सांगावंसं एवढंच वाटलं की स्नायू फडफडतात अशी तक्रार बाबांनी एकदाही केली नाही. डॉक्टरांनी शर्ट काढायला लावला तेव्हा दंडावर उडताना दिसलं, बाबांना पत्ताच नव्हता. त्यांचं सुरू झालं शर्टाच्या बटणांपासून. वरचं बटण लागेना. मग दाराची किल्ली फिरेना, दुसऱ्या हाताने फिरवायचे. मग पायातली चप्पल निसटायची आणि चार पावलं पुढे गेल्यावर कळायचं, ठाकूरद्वारच्या नाक्यावर मी मागे जाऊन उचलून आणली आहे. ते कधी "मला अशक्त वाटतंय" म्हणाले नाहीत. वाटण्याचा प्रश्नच नव्हता, काम होत नव्हतं. उलट म्हणायचे बटणंच हल्ली वाईट शिवतात.

टाचांवर दहा पावलं चालता येतात, रोज, दादरच्या गर्दीत, हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. बाबांना ते जमलं असतं तर आम्ही पेढे वाटले असते.

तात्या_परळ
ताई, नमस्कार. आठवण काढण्याची गोष्ट मी वर सहज लिहिली, माफ करा.

खारी_बटर
मीपण सॉरी. मनापासून.

गिरगावकरीण
अहो नाही, विनोद चालू द्या. बाबा शेवटच्या वर्षी मानेने खुणा करून पत्त्यांत फसवायचे.

आठ_बेचाळीस (पहाटे ३:०५)
ताई, तुमची पोस्ट वाचून खूप गलबलून आलं आणि खूप धीरही आला. फक्त एक विचारायचं होतं, रागावू नका. परवा कल्याण साइडच्या जिन्यावर माझी डावी चप्पल निसटली होती. मला कळलं लगेच, पण निसटली. वडिलांची निसटायची तेव्हा पाय ओढल्यासारखा व्हायचा का? आणि बटणं सकाळी जास्त त्रास द्यायची की संध्याकाळी?

जुना_भिडू
झालं. हेच बघायची वाट पाहत होतो. ताई, कृपया उत्तर देऊ नका. आठबेचाळीस, तुम्हीही रागावू नका, कारण मी तुम्हीच आहे, २०१६ चा.

माझा आजार एमएस होता, मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूच्या नसांचा. म्हणजे नव्हता. हातापायाला मुंग्या, डोळ्यासमोर काजवे, आणि तेवीस वर्षांच्या चुलतबहिणीच्या मैत्रिणीला एमएस निघाला अशी एक ऐकीव बातमी. सात महिन्यांत दोन एमआरआय, चार डॉक्टर, आणि माझ्या फोनमध्ये माझ्याच बुबुळांचे तीनशेच्या वर फोटो. ऑफिसला जाताना मी फलाटावर उभा राहून समोरच्या इंडिकेटरचे आकडे एकदा या डोळ्याने एकदा त्या डोळ्याने वाचायचो. गाडी निघून जायची.

शेवटी चौथ्या डॉक्टरांनी एमआरआय बाजूला ठेवला आणि विचारलं की नॉर्मल रिपोर्ट बघितल्यावर तुला किती वेळ बरं वाटतं? मी म्हटलं पहिल्या वेळी पंधरा दिवस, दुसऱ्या वेळी दोन दिवस, परवाच्या वेळी लिफ्टपर्यंत. ते म्हणाले, मग तुझा रोग मला सापडला. डोस वाढतोय आणि असर कमी होतोय. आणि मला मनोविकारतज्ज्ञांची चिठ्ठी दिली. मी जाम भडकलो होतो, म्हणजे हे मला वेडा म्हणतायत का वगैरे. चिठ्ठी दोन महिने पाकिटात फिरवली.

गजकर्ण खाजवल्यासारखं आहे हे. खाजवल्यावर बरं वाटतं ते खोटं नसतं, खरंच वाटतं, आणि त्यानेच ते पसरतं. टेप, टॉर्च, टाचा, एआयला विचारणं, बायकोला विचारणं, आणि आता हा धागा, सगळं खाजवणंच. तुम्ही ताईंना जो प्रश्न विचारलात तो कुणाच्या वडिलांबद्दल नाही, नवी टेप आहे ती.

तात्या_परळ
भिडू, मला हे पटलं नाही. माणूस घाबरलाय, रात्री तीनला लिहितोय, आणि तुम्ही सांगता त्याला धीर देऊ नका? हे कुठलं शास्त्र? आमच्याकडे माणूस घाबरला तर पाठीवर हात ठेवतात.

जुना_भिडू
पाठीवर हात ठेवा की तात्या, कोण नको म्हणतंय. फक्त पोटरीवर ठेवू नका.

बायको_क्र_१
धागा वाचून खास आयडी काढला. मी धागाकर्त्याची बायको नाही, दुसऱ्या कुणाची तरी आहे. आमच्याकडे ब्रेन ट्यूमर आहे, म्हणजे डोकेदुखी. तात्या, पहिल्या वेळी मीपण पाठीवर हात ठेवला. चारशेव्या वेळी मी भाजी चिरताना मान वर न करता "नाहीये तुला काही" म्हणते, आणि त्यावर भांडण होतं की मी नीट लक्ष देऊन म्हटलं नाही, परत म्हण. डोळ्यात बघून म्हण. आमची मुलगी सहा वर्षांची आहे, ती परवा बाहुलीला टॉर्च मारून म्हणाली, बुबुळं सेम आहेत हां बाबा, झोपा.

त्या दिवशी मी हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. भिडू, तुमच्या घरच्यांनी काय केलं ते लिहा ना, पेशंटचं सगळेच लिहितात.

जुना_भिडू
लिहितो. आधी माझं उरलेलं. ठाण्याला आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेत गेलो, तिथल्या थेरपिस्टनी पहिल्या दिवशी माझी एकही भीती खोटी ठरवली नाही, ते मला विचित्रच वाटलं. त्यांनी मोजायला सांगितलं. लक्षणं नाही, तपासण्या मोजायच्या. उजव्या खिशात एक-एक रुपयाची नाणी ठेवायची, स्वतःला तपासलं की एक नाणं डाव्या खिशात. मी म्हटलं दहा पुरतील. पहिल्या दिवशी दुपारी अडीचला खिसा रिकामा झाला, मग पानवाल्याकडून सुट्टे घेतले. एकूण ४१ झाली. चालताना एका अंगाला खुळखुळायचो.

मग उशीर करायला शिकलो. तपासायचं नाही असं नाही, पंधरा मिनिटांनी तपासायचं. ती पंधरा मिनिटं भयंकर जातात, छाती धडधडते, हात थरथरतात आणि मग ती थरथर हेच नवं लक्षण वाटतं. पण लाट असते ती, न खाजवता उतरते, हे एकदा अंगावर घेऊनच कळतं, सांगून कळत नाही. याला सीबीटी म्हणतात, नाव महत्त्वाचं नाही. सोबत मनोविकारतज्ज्ञांनी गोळी पण दिली होती, ती लागू पडायला काही आठवडे लागले, नाव सांगणार नाही कारण तुम्ही तिचे साइड इफेक्ट शोधाल.

घरचं असं की बायकोने एक वाक्य पाठ केलं, "मला दिसतंय तू घाबरलायस, याचं उत्तर मी देणार नाही, चहा टाकू का?" पहिला आठवडा मी तिच्याशी बोललो नाही. पण हे तिने स्वतःच्या मनाने नाही केलं, थेरपिस्टकडे आम्ही दोघं बसून ठरवलं होतं. एकदम अचानक करू नका.

निसर्गोपचारी
पण चहा...

खारी_बटर
@निसर्गोपचारी, बसा खाली.

आकडेमोडे
माझा आकड्यांचा प्रतिसाद म्हणजे पण खाजवणंच झालं की मग.

सुईदोरा
माझा पण. जीभ सांगायला नको होती. अवांतर पण लिहायलाच हवं: भिडूंचं सगळं बरोबर, पण ते तपासणी एकदा नीट झाल्यानंतरचं. आमच्या शेजारच्या काकू वर्षभर मुंग्यांना "टेन्शन आहे" म्हणत बसल्या, शुद्ध शाकाहारी, बी१२ तळाला गेलेलं निघालं, इंजेक्शनं घेतल्यावर बऱ्याच सुधारल्या. आणि अचानक तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं, एका बाजूचा हातपाय पडला तर तिथे पंधरा मिनिटं थांबणं वगैरे नाही, तो स्ट्रोक असू शकतो, सरळ इमर्जन्सी. यांचं सगळं दोनदा तपासून झालंय म्हणून भिडूंचं लागू.

मुलुंडची_वहिनी
सगळा धागा एका दमात वाचला, भाजी करपली. रच्याकने (बाय द वे), या आजाराला मराठीत काही नाव आहे का? हायपोकॉन्ड्रिया माहीत आहे, पण ते शिवीसारखं वापरतात.

आकडेमोडे
तो शब्द मूळ ग्रीक, अर्थ बरगड्यांच्या कूर्चेखालचा भाग. पूर्वी उदासपणाचा उगम तिथे पोटात मानायचे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी पण तो काढून टाकला आहे, २०१३ च्या डीएसएम-५ या त्यांच्या निदानपुस्तिकेत त्याच्या जागी सोमॅटिक सिम्प्टम डिसऑर्डर आणि इलनेस अँग्झायटी डिसऑर्डर अशी दोन नावं आली. मराठीत मी आजारभय म्हणेन.

तात्या_परळ
आमची आजी "मनाला वाळवी लागली" म्हणायची. वरून लाकूड चांगलं दिसतं.

आठ_बेचाळीस (रात्री ९:५०)
सगळं वाचलं. दोनदा. ताई, तो प्रश्न मी मागे घेतो, लाज वाटतेय. बायकोला हा धागा दाखवला, तिने बायको_क्र_१ ची पोस्ट वाचली आणि काही बोलली नाही, उठून गेली. थोड्या वेळाने येऊन म्हणाली की माझी टेप गेले तीन महिने जागेवर नसते, मला वाटायचं मीच विसरते.

दोन गोष्टी विचारतो. तिसऱ्या न्यूरोलॉजिस्टची अपॉइंटमेंट पुढच्या मंगळवारी आहे, सहा आठवडे आधी घेतलेली, ती ठेवू का? आणि थेरपीचा खर्च मला सध्या झेपेल असं वाटत नाही, एमआरआयमध्ये बरेच गेले.

जुना_भिडू
पहिल्याचं उत्तर मी देणार नाही, चहा टाकू का? दुसऱ्याचं देतो. केईएमसारख्या सरकारी-महापालिका हॉस्पिटलांत मानसोपचार ओपीडी असते, केसपेपर काढायचा, लाइन असते, पण तुम्ही रोज दादरला उतरता, परळ एका स्टेशनावर. आणि रात्री तीनला धागा उघडण्याऐवजी १४४१६ लावा, टेली-मानस, ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात.

गिरगावकरीण
लाज वाटून घेऊ नका. एक मात्र सांगते, उत्तर म्हणून नाही. बाबांच्या निदानानंतर दोन वर्षं मीपण रोज सकाळी ब्लाउजची हुकं लावताना बोटं मोजत होते. कुणालाच बोलले नाही. आज इथे पहिल्यांदा लिहितेय.

बायको_क्र_१
❤️

मुलुंडची_वहिनी (तीन आठवड्यांनी)
धागा वर काढतेय. आठबेचाळीस, कसे आहात? पोटरी काय म्हणते?

जुना_भिडू
वहिनी!! पोटरी नका विचारू!!

मुलुंडची_वहिनी
अगं बाई. बरं, पोटरी सोडून बाकी कसे आहात?

आठ_बेचाळीस (सकाळी ८:५१, गाडीत)
बरा. म्हणजे बरा-वाईट. तिसरी अपॉइंटमेंट रद्द केली, रद्द केल्यावर दोन तास पोटात गोळा होता. परळला केसपेपर काढला, दोनदा जाऊन आलो, डॉक्टर बाई तरुण आहेत, घाईत असतात पण ऐकतात. नाण्यांचा खेळ सुरू आहे, २९ वरून ११ वर आलोय. दादरचा पूल सरळ पायांनी उतरतो. टेप मशीनच्या ड्रॉवरमध्ये गेली आणि ड्रॉवरची किल्ली बायकोकडे.

रविवारी किल्ली शोधून काढली. मोजली. मान्य करतो. आकडा इथे लिहिणार नाही.

जुना_भिडू
आम्ही विचारणारही नाही.

तात्या_परळ
पाठीवर हात.

खारी_बटर
पापणीचं तरी सांगा, डावी की उजवी?